बोरगुंडचे लाकडी चर्च आणि संग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेतील बोरगुंड या लहान गावात सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी उभारलेले एक लाकडी चर्च आजही जवळजवळ मूळ रूपात उभे आहे. एकोणिसाव्या शतकात गावाची नियमित उपासना तेथून हलली आणि एका लोकसंस्थेने ते विकत घेऊन संग्रहालय म्हणून सांभाळले. नॉर्वेला जाणाऱ्या, तेथे राहणाऱ्या किंवा जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी आस्था असणाऱ्या मराठी वाचकांना या वास्तूविषयी जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

हे चर्च नेमके कोठे आहे?

नॉर्वेच्या पश्चिम भागातील सोग्न या प्रदेशात लॅरडाल नावाची लांबट, अरुंद दरी आहे. तिच्या वरच्या अंगाला, नदीकाठी, बोरगुंड हे गाव वसले आहे. ऑस्लो आणि बर्गेन या दोन शहरांना जोडणारा ई-१६ हा महामार्ग याच दरीतून जातो. महामार्ग नव्हता तेव्हाही पूर्व आणि पश्चिम नॉर्वेमधील मोठी वहिवाट फिलेफ्येल या डोंगरपठारावरून उतरून येथूनच जात असे. १७९० च्या दशकात याच मार्गाने गाडीरस्ता बांधण्यात आला आणि त्याला ‘राजरस्ता’ असे नाव पडले. त्याचा विंडहेला हा वळणावळणांचा तुकडा चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चर्च आडवळणाच्या गावात असले तरी ते वाटसरूंच्या रोजच्या वाटेवर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील भिंतींवर कोरलेला मजकूर त्याशिवाय नीट समजत नाही.

ते कधी बांधले गेले, आणि हे कशावरून ठरवले?

चर्चसाठी वापरलेली झाडे ११८०–८१ च्या हिवाळ्यात तोडली गेली आणि त्यानंतर लवकरच बांधकाम झाले. हा निष्कर्ष लाकडातील वार्षिक वलयांच्या अभ्यासातून निघाला आहे. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. अनुकूल उन्हाळ्यात ते रुंद असते, प्रतिकूल उन्हाळ्यात अरुंद. एका प्रदेशातील सर्व झाडांमध्ये रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम सारखाच उमटतो, म्हणून ज्यांचा काळ आधीच ठाऊक आहे अशा नमुन्यांच्या साखळीशी जुन्या तुळईचा क्रम जुळवला की झाड कोणत्या वर्षी तोडले ते सांगता येते. मात्र त्यासाठी सालीलगतचे शेवटचे वलय शाबूत असावे लागते. चर्च संत आंद्रियास या प्रेषिताला अर्पण केलेले आहे.

‘स्टेव्ह चर्च’ म्हणजे काय? लाकडाचे प्रत्येक चर्च स्टेव्ह चर्च असते का?

नाही. लाकडी इमारत बांधण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती उत्तर युरोपात होत्या आणि त्यांची गल्लत वारंवार होते. पहिल्या रीतीत ओंडके आडवे ठेवून एकावर एक रचतात आणि कोपऱ्यांत खाचा पाडून ते एकमेकांत अडकवतात. रशियातील ओनेगा सरोवराच्या किझी बेटावरचे १७१४ चे, बावीस घुमटांचे चर्च या रीतीचे आहे. फिनलंडमधील पेतायावेसी येथील १७६३ ते १७६५ या काळात बांधलेले चर्चही ओंडक्यांचेच आहे.

स्टेव्ह चर्चमध्ये लाकूड उभे असते. आधी दगडी पायावर चार जाडजूड तुळया चौकटीसारख्या आडव्या बसवतात. चारही कोपऱ्यांत खांब उभे करतात. तळच्या तुळईत लांब खोबण कोरलेली असते. तिच्यात भिंतीच्या उभ्या फळ्या एकापाठोपाठ एक बसवतात, आणि प्रत्येक फळीची कड शेजारच्या फळीच्या खाचेत सरकवतात. वरून आणखी एक तुळई या फळ्यांच्या डोक्यांवर बसते. अशा रीतीने पूर्ण भिंत एका बंद चौकटीत घट्ट धरली जाते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा भार पेलतो. परंतु तेथे मधली जागा विटा, माती किंवा दगडाने भरलेली असते. येथे सांगाडा आणि भिंत दोन्ही लाकडाचीच आहेत.

आत शिरल्यावर ही रचना दिसते का?

स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते या चर्चचा सर्वांत मोठा ठेवा तोच आहे. मधला भाग उंच असून त्याच्याभोवती मोकळ्या खांबांची रांग आहे. बाहेरच्या बाजूने ठेंगणा, अरुंद फिरता मार्ग जातो. खांबांच्या वरच्या भागात दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये फुलीच्या आकाराचे लाकडी ताण बसवलेले आहेत. त्यांना संत आंद्रियासाचे क्रूस म्हणतात. खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे कमानदार आधार जोडलेले आहेत. झाडाचे खोड जेथे मुळाकडे वळते, तेथील नैसर्गिक वाकाचे लाकूड अशा आधारांसाठी निवडत. तंतू वाकाबरोबर वळलेले असल्याने तो आधार सरळ फळीतून कापलेल्या तुकड्याप्रमाणे दुभंगत नाही.

एखाद्या सांध्यापाशी थांबून पाहावे. खिळा किंवा लोखंडी पट्टी सहसा दिसत नाही. लाकडाची कूस लाकडाच्या खाचेत बसलेली दिसते आणि आरपार ठोकलेली लाकडी खुंटी दिसते. असे सांधे थोडे हलू शकतात. वादळी वाऱ्यात इमारत किंचित लवते, करकरते आणि पुन्हा मूळ जागी येते. हा ताठर नसण्याचा गुण तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण आहे.

इतकी शतके लाकूड कुजले कसे नाही?

याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण चार-पाच गोष्टी एकत्र आल्या आहेत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पायाची आहे. त्याआधीच्या काळात नॉर्वेत खांब सरळ जमिनीत पुरून चर्च बांधत. मातीतला ओलावा शोषून खांबांची टोके कुजत आणि काही पिढ्यांत इमारत मोडकळीला येई. नंतरच्या सुतारांनी संपूर्ण सांगाडा दगडांवर उचलला. लाकडाचा मातीशी संबंध तुटला आणि तळच्या तुळईखालून हवा खेळू लागली. आज उभी असलेली सर्व स्टेव्ह चर्च या सुधारणेनंतरची आहेत.

दुसरी गोष्ट लाकडाची निवड. येथे प्रामुख्याने पाइन वापरलेला आहे, आणि तोही थंड हवेत सावकाश वाढलेला, दाट वलयांचा, राळेने भरलेला गाभा. झाड तोडण्याआधी त्याचा शेंडा किंवा साल काढून ते काही काळ उभेच ठेवण्याची पद्धत होती, म्हणजे राळ खोडात अधिक साठे आणि लाकूड कठीण होई.

तिसरी गोष्ट छपरांची. चर्चवर एकाखाली एक अशी अनेक उतरती छपरे आहेत आणि प्रत्येकाची कड बरीच पुढे आलेली आहे. सर्वांत खालचे छप्पर चर्चला वेढणाऱ्या ओसरीवर उतरते. त्यामुळे मुख्य भिंतीला पावसाचे पाणी क्वचितच लागते. लॅरडालचे हवामानही मदतीला आले. पश्चिम नॉर्वे पावसासाठी प्रसिद्ध असला तरी ही दरी डोंगरांच्या आडोशाला, पर्जन्यछायेत आहे. तिच्या खालच्या भागातील शेतकऱ्यांना तर पूर्वापार पाटाचे पाणी शेतात फिरवावे लागत असे. शिवाय आपल्याकडे लाकडाचा काळ ठरणारी वाळवी त्या थंड प्रदेशात नाही.

शेवटची गोष्ट डांबर. त्याला स्वतंत्र उत्तर हवे.

चर्च काळे का दिसते? ते जळाले होते का?

चर्च कधीही जळालेले नाही. त्याच्या भिंतींना आणि छपरांना पाइनच्या लाकडापासून काढलेले डांबर शतकानुशतके लावले जात आहे, त्याचा तो रंग आहे. रस्त्यावर वापरतात ते खनिज डांबर याहून वेगळे असते.

हे डांबर काढण्यासाठी राळयुक्त पाइनचे बुंधे आणि मुळे फोडून वाळवतात. उतारावर नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात ती दाटीने रचतात आणि वरून गवताळ मातीचा थर देऊन हवा जवळजवळ बंद करतात. कडेने आग लावली की आतले लाकूड ज्वाळा न होता कित्येक तास, कधी काही दिवस धुमसत राहते. उष्णतेने राळ वितळून तळाशी जमते आणि नळीवाटे पिंपात येते. भट्टीवर सतत लक्ष ठेवावे लागते. मातीच्या थराला कोठे भेग पडून हवा शिरली तर सगळे लाकूड पेटून डांबर हातचे जाते.

लावण्याचे कामही तितकेच जिकिरीचे आहे. लाकूड कोरडे आणि उन्हाने तापलेले हवे, डांबर गरम हवे, आणि ते लाकडात मुरेपर्यंत पाऊस येता कामा नये. नॉर्वेच्या उन्हाळ्यात असे दिवस मोजकेच मिळतात. उन्हाच्या बाजूचा थर लवकर झिजतो, म्हणून दक्षिणेकडील भिंतीला उत्तरेकडील भिंतीपेक्षा लवकर हात द्यावा लागतो. बहुतेक स्टेव्ह चर्चमध्ये दक्षिणेची बाजू तांबूस तपकिरी आणि उत्तरेची काळीभोर दिसते, ती यामुळेच. ताज्या थराचा धुरकट, गोडसर वास चर्चच्या आवारात पोहोचताच जाणवतो.

विसाव्या शतकात भट्ट्या लावणारे हात कमी झाले आणि चांगले डांबर मिळणे कठीण झाले. तेव्हा वास्तूंबरोबर ही कलाही जपावी लागेल हे संबंधितांच्या लक्षात आले आणि जुन्या पद्धतीच्या भट्ट्या पुन्हा लावल्या जाऊ लागल्या. संवर्धन म्हणजे केवळ इमारत कुंपणात ठेवणे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा तपशील जाणून घ्यावा असे मला मनापासून वाटते. डांबर करणारे संपले तर पुढच्या काही दशकांत लाकूडही संपेल.

गावकऱ्यांनी हे चर्च का सोडले?

ते त्यांना अपुरे पडू लागले. मध्ययुगात उपासक उभे राहत असत. बाके भिंतीलगत, वृद्ध आणि आजारी लोकांपुरती असत. सोळाव्या शतकात, १५३७ च्या सुमारास, डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने ल्यूथरन पंथ स्वीकारला आणि उपासनेत प्रवचनाला मध्यवर्ती स्थान आले. प्रवचन ऐकण्यासाठी बसायला बाके हवीत आणि वाचायला उजेड हवा, म्हणून पुढील काळात बाके, सज्जा आणि खिडक्या आल्या. तरी जागा मुळातच लहान होती.

१८५१ मध्ये नॉर्वेत कायदा झाला, त्यानुसार चर्चमध्ये त्याच्या हद्दीतील लोकसंख्येपैकी किमान तीन-दशांश लोक मावणे आवश्यक ठरले. कायद्याचा हेतू चांगला होता, पण जुन्या लाकडी चर्चवर त्याने कुऱ्हाड चालवली. एकामागून एक गावांनी आपले जुने चर्च पाडून त्या जागी मोठे बांधले. बोरगुंडमध्ये १८६८ साली जुन्या चर्चजवळच नवे चर्च उभे राहिले आणि उपासना तेथे सुरू झाली. नवे चर्चही लाकडीच आहे. दोन्ही वास्तू आज एकमेकींच्या जवळ उभ्या आहेत.

गावकऱ्यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. गारठलेल्या, अंधाऱ्या आणि अपुऱ्या इमारतीत मुलाबाळांसह तासन्‌तास बसणाऱ्या शेतकऱ्यांची गरज खरी होती.

मग जुने चर्च पाडले का गेले नाही?

कारण तोपर्यंत अशा वास्तूंचे मोल ओळखणारी माणसे संघटित झाली होती. योहान क्रिश्चियन डाल हा बर्गेनमध्ये जन्मलेला आणि जर्मनीतील ड्रेस्डेन येथे स्थायिक झालेला निसर्गचित्रकार. मायदेशी येताना त्याने स्टेव्ह चर्च पाहिली, ती झपाट्याने नष्ट होत असल्याचेही पाहिले, आणि १८३७ मध्ये त्यांच्या रेखाटनांचा संग्रह जर्मनीत प्रसिद्ध केला. १८४४ मध्ये नॉर्वेत प्राचीन स्मारकांच्या जतनासाठी लोकांच्या वर्गणीवर चालणारी संस्था स्थापन झाली, तिच्यामागेही डालची प्रेरणा होती. या संस्थेने १८७७ मध्ये बोरगुंडचे चर्च विकत घेतले. ते आजही तिच्याच मालकीचे आहे.

डालच्याच खटपटीतून वाचलेल्या दुसऱ्या एका चर्चची कथा मात्र वेगळी झाली. वांग या गावाने जुने चर्च विकायला काढले तेव्हा ते तेथेच ठेवण्याचे प्रयत्न फसले. अखेर प्रशियाच्या राजाने ते घेतले. चर्चचे भाग सुटे करून नेले गेले आणि १८४० च्या दशकात ते कार्कोनोशे पर्वतावर पुन्हा उभे राहिले. तो भाग आता पोलंडमध्ये आहे. कार्पाच येथे आजही त्या चर्चमध्ये उपासना होते. इमारत वाचली, परंतु तिचे गाव, तिची दफनभूमी, तिची वाट हे सारे मागे राहिले. बोरगुंडला हे तीनही जागेवर आहेत. म्हणून वास्तू मूळ ठिकाणी वाचवण्याचे प्रयत्न शेवटपर्यंत करावेत, स्थलांतर हा अगदी निरुपाय झाल्यावरचा मार्ग असावा, असे मी मानतो.

आज एकूण किती स्टेव्ह चर्च उरली आहेत?

नॉर्वेत अठ्ठावीस. मध्ययुगात त्यांची संख्या हजाराहून अधिक होती, असे अभ्यासक मानतात. उरलेल्यांपैकी काही अजूनही गावाची नियमित चर्च आहेत. नोटोडनजवळचे हेड्डालचे चर्च आकाराने सर्वांत मोठे असून तेथे उपासना चालू आहे. सोग्नमधीलच उर्नेसचे चर्च १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. एकमेकांत गुंतलेल्या प्राण्यांचे अतिशय नाजूक कोरीवकाम असलेले त्याचे दार आणि फळ्या अकराव्या शतकातील, त्याच जागच्या आधीच्या चर्चमधील आहेत.

चर्चच्या आत पाहण्यासारखे काय आहे? ते रिकामे का वाटते?

मधल्या भागात बाके नाहीत, विजेचे दिवे नाहीत, भिंतींवर फारशी सजावट नाही. सोळाव्या शतकातील प्रवचनपीठ, १६५४ चे वेदीचित्र आणि दगडी बाप्तिस्मा-कुंड एवढ्याच ठळक वस्तू आहेत. उजेड भिंतींच्या वरच्या भागातील लहान गोल झरोक्यांतून आणि उघड्या दारातून येतो. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे स्थिरावण्यास वेळ लागतो. तो द्यावा, म्हणजे वरचे खांब आणि फुल्या हळूहळू उलगडत जातात.

परंतु हे रिकामपण आपोआप टिकलेले नाही, ते घडवलेले आहे. १८७० च्या दशकाच्या प्रारंभी वास्तुविशारद क्रिश्चियन क्रिस्टी यांच्या देखरेखीखाली डागडुजी झाली. त्या वेळी बाके, सज्जा, वेदीकडच्या भागावरचे सपाट छत आणि उत्तर-दक्षिणेच्या मोठ्या खिडक्या काढून टाकण्यात आल्या. चर्चला त्याचे मध्ययुगीन रूप परत द्यावे, हा त्यामागचा उद्देश होता. त्यामुळे मूळ सांगाडा मोकळा झाला आणि आज आपल्याला तो पाहता येतो, याचे श्रेय क्रिस्टी यांना द्यावेच लागेल. मात्र त्यासाठी सुमारे तीनशे वर्षांचा इतिहास काढून टाकला गेला. ज्या बाकांवर गावच्या पिढ्या बसल्या ती बाकेही गावाच्या आठवणींचा भाग होती. आजचे संवर्धनतज्ज्ञ अशी सफाई सहसा करणार नाहीत. प्रत्येक काळाची भर हीही वास्तूचीच गोष्ट मानली जाते, आणि मला तोच विचार योग्य वाटतो.

छपरावरचे ड्रॅगन चर्चवर कसे आले?

वरच्या छपरांच्या टोकांवर चार ड्रॅगनची मस्तके पुढे झेपावलेली आहेत, तर खालच्या छपरांच्या टोकांवर क्रूस आहेत. व्हायकिंग जहाजांच्या नाळेवर अशीच कोरीव मस्तके असत. वास्तूपासून अनिष्ट शक्तींना दूर ठेवणे, असा त्यांचा अर्थ सर्वसाधारणपणे लावला जातो. नॉर्वेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्याला हे चर्च बांधताना जेमतेम दीडशे-पावणेदोनशे वर्षे झाली होती, आणि सुतारांच्या हातात जुन्या आकारांचेच वळण होते. पश्चिम दाराच्या दोन्ही बाजूंना वेलींचे दाट कोरीवकाम आहे. एका श्वापदाच्या तोंडातून वेली निघतात, वर चढतात आणि एकमेकांशी झुंजणाऱ्या सर्पाकृती प्राण्यांत मिसळतात. हे कोरीवकाम आत जाण्याच्या घाईत नजरेतून सुटते, म्हणून त्यासाठी मुद्दाम थांबावे.

भिंतींवरची कोरलेली अक्षरे कोणाची आहेत?

ती रून लिपीतील आहेत आणि बहुतांशी येथून जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांनी कोरलेली आहेत. रून ही उत्तर युरोपातील जुनी लिपी आहे. लाकडावर सुरीने कोरणे सोपे जावे म्हणून तिच्या अक्षरांत सरळ रेषाच अधिक असतात. येथे ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना कोरलेली आढळते. आणखी एका मजकुरात थोर नावाचा वाटसरू सांगतो की, संत ओलाफच्या सणाच्या सायंकाळी येथून जाताना आपण हे लिहिले. हा सण २९ जुलैला येतो. त्याच मजकुरात पुढे तो नॉर्न, म्हणजे माणसाचे भाग्य ठरवणाऱ्या जुन्या धर्मातील देवता, यांचा उल्लेख करून आपल्या वाट्याला आलेल्या बऱ्या-वाईटाविषयी बोलतो. चर्चच्या भिंतीवर, संताच्या सणाच्या दिवशी, एक प्रवासी जुन्या देवतांना आठवतो. राजे आणि बिशप यांच्या नोंदींतून साध्या माणसाच्या मनातला हा सरमिसळ भाव कधीच हाती लागला नसता.

आवारातील वेगळा मनोरा कशाचा आहे?

तो घंटाघराचा आहे. तेराव्या शतकातील हे घंटाघर याच खांब-फळ्यांच्या पद्धतीने बांधलेले असून अशा प्रकारचे, स्वतंत्र उभे असलेले घंटाघर नॉर्वेत हे एकमेव उरले आहे. चर्चकडे धावणारे बहुतेक पर्यटक त्याला ओलांडून पुढे जातात.

संग्रहालय चर्चमध्येच आहे की वेगळ्या इमारतीत?

दोन्ही ठिकाणी आहे असे म्हणता येईल. चर्च स्वतःच मुख्य प्रदर्शनीय वस्तू आहे, म्हणून त्यात काचेची कपाटे, फलक किंवा दिव्यांची रोषणाई ठेवलेली नाही. थोड्या अंतरावर २००५ मध्ये अभ्यागत केंद्र उघडण्यात आले. तिकीटविक्री, स्टेव्ह चर्चच्या इतिहासाविषयीचे प्रदर्शन आणि इतर सोयी तेथे आहेत. ही विभागणी मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. माहितीचा भार वेगळ्या छपराखाली गेल्यामुळे जुन्या वास्तूवर खिळे, तारा आणि उष्णता यांचा बोजा पडत नाही. आधी केंद्रातील प्रदर्शन पाहावे आणि मग चर्चमध्ये जावे, हा क्रम अधिक लाभदायक ठरतो.

खुल्या संग्रहालयांत हलवलेल्या चर्चपेक्षा हे कसे वेगळे आहे?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगावच्या जुन्या लाकडी इमारती एकत्र आणून खुली संग्रहालये उभारण्याची कल्पना स्कँडिनेव्हियात रुजली. गोल या गावचे स्टेव्ह चर्च पाडण्याच्या बेतात होते. ते ऑस्लोजवळील बिग्डॉय येथे आणून राजा दुसरा ऑस्कर याच्या संग्रहात उभारण्यात आले आणि आता ते नॉर्वेच्या लोकजीवन संग्रहालयाचा भाग आहे. गार्मो येथील चर्च १८८० मध्ये पाडून त्याचे भाग विकले गेले होते. आंदेर्स सांडविग या दंतवैद्याने ते जमवले आणि लिलेहामर येथील माइहाऊगेन संग्रहालयात हे चर्च पुन्हा उभे राहिले. गोलच्या चर्चचे बाह्यरूप पुन्हा घडवताना नमुना म्हणून बोरगुंडकडेच पाहिले गेले. बोरगुंडची वास्तू आपल्या जागेवर, जवळजवळ पूर्ण अवस्थेत असल्यामुळे इतर अनेक चर्चच्या पुनर्रचनेसाठी ती आधारभूत ठरली.

तिच्या प्रतिकृतीही झाल्या आहेत. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात रॅपिड सिटी येथे १९६९ मध्ये बोरगुंडच्या नमुन्यावर चर्च बांधण्यात आले.

आगीपासून संरक्षणाची काय व्यवस्था आहे?

राळ आणि डांबर यांनी भरलेल्या लाकडाला आगीचा धोका सर्वाधिक असतो, आणि ही भीती काल्पनिक नाही. बर्गेनजवळचे फान्टॉफ्ट स्टेव्ह चर्च ६ जून १९९२ रोजी समाजकंटकांनी लावलेल्या आगीत पूर्णपणे जळाले. आज तेथे दिसते ती १९९७ मध्ये पूर्ण झालेली पुनर्बांधणी आहे. खुद्द लॅरडाल दरीच्या तोंडाशी असलेल्या लॅरडालसोयरी या गावात जानेवारी २०१४ मध्ये मोठी आग लागून जोरदार वाऱ्यात चाळीसच्या आसपास इमारती नष्ट झाल्या. बोरगुंड तेथून बरेच दूर असल्याने सुरक्षित राहिले. स्टेव्ह चर्चना आता आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा बसवलेली असते. आत धूम्रपान आणि उघडी ज्योत यांना सक्त मनाई असते, ती निमूटपणे पाळावी.

खर्च आणि देखभाल कोण पाहते?

मालक असलेली संस्था सभासदांच्या वर्गणीवर, तिकिटांच्या उत्पन्नावर आणि शासकीय साहाय्यावर चालते. अठ्ठावीसपैकी आठ स्टेव्ह चर्च तिच्या ताब्यात आहेत. नॉर्वेच्या शासकीय वारसा विभागाने २००१ ते २०१५ या काळात मध्ययुगीन स्टेव्ह चर्चच्या दुरुस्तीसाठी विशेष कार्यक्रम राबवला. त्यात नवे लाकूड जुन्याच जातीचे आणि शक्य तितक्या सारख्या प्रतीचे निवडणे, ते कुऱ्हाडीने तासणे आणि फक्त कुजलेला भाग काढून उरलेला जुना भाग जपणे, यांवर भर होता. छपरांवरची लाकडी कौले झिजतात आणि वेळोवेळी बदलावी लागतात. मुख्य सांगाड्याचा मोठा भाग मात्र मध्ययुगीन आहे.

आज तेथे उपासना होते का?

गावाची नियमित उपासना १८६८ च्या नव्या चर्चमध्ये होते. जुने चर्च संग्रहालय असले तरी ते ख्रिस्ती समाजासाठी पवित्र स्थान आहे आणि भोवती दफनभूमी आहे. बोलताना, चालताना आणि छायाचित्रे घेताना याचे भान ठेवावे. भिंतींवर, खांबांवर कोणतीही खूण करू नये. मध्ययुगीन वाटसरूंनी अक्षरे कोरली म्हणून आपल्याला तशी मुभा मिळत नाही.

भारतातून जाणाऱ्याने प्रवासाची आखणी कशी करावी?

नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी शेंगेन व्यवस्थेत आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. ऑस्लो किंवा बर्गेन येथून ई-१६ मार्गाने मोटारीने जाणे सर्वांत सोयीचे आहे. फ्लॉम हे अनेक भारतीय सहलींच्या कार्यक्रमात असणारे ठिकाण येथून फार दूर नाही. तिकडून येताना औरलँड आणि लॅरडाल यांना जोडणारा साडेचोवीस किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. हा २००० साली खुला झालेला बोगदा जगातील सर्वांत लांब रस्ता-बोगद्यांपैकी एक आहे. सहल कंपन्या चर्चसाठी बहुधा फोटोपुरताच थांबा देतात. तेवढ्यावर समाधान मानू नये. प्रदर्शन, चर्च, घंटाघर आणि विंडहेलाच्या जुन्या रस्त्यावरची फेरी यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा. चालण्याच्या वाटेसाठी पकड असलेले बूट आणि उन्हाळ्यातही एक गरम कपडा जवळ असावा.

हिवाळ्यात गेल्यास पाहता येईल का?

चर्चचा अंतर्भाग आणि अभ्यागत केंद्र मुख्यतः उन्हाळी हंगामात उघडे असते. निघण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा आणि वेळा संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. हंगामाबाहेर आत जाता येत नाही. बाहेरून मात्र वास्तू पाहता येते, आणि बर्फामुळे छपरांचे थर एकेक करून मोजता येण्याइतके ठळक दिसतात. त्या दिवसांत फिलेफ्येलवरील रस्ता वादळामुळे अधूनमधून बंद ठेवला जातो, म्हणून रस्त्याची स्थिती तपासूनच पुढे जावे.